कॉल बंद, दोष चालू

मॉनिटर बिघडला की त्रास दोन ठिकाणी सुरू होतो. एक डोळ्यांसमोर, दुसरा कानाशी. स्क्रीनवरच्या बिघाडाला काही ना काही उपाय असतो. फोनवर वाजत राहणाऱ्या "आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है"ने मात्र माणूस दमतो, आणि दमलेला ग्राहक वॉरंटी शिल्लक असताना नवा मॉनिटर घेऊन मोकळा होतो. माझ्यावर ती वेळ आली नाही. ती येऊ नये म्हणून काय करावं लागलं, आणि पुढे ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी कुठे सावध राहावं, एवढंच इथे सांगायचं आहे.

मी सांगलीत घरूनच पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करते. लॅपटॉपच्या पडद्यावर समोरासमोरची दोन पानं एकत्र नीट दिसत नाहीत, म्हणून सत्तावीस इंची मॉनिटर घेतला. ऑनलाइन खरेदी, नावाजलेली कंपनी, तीन वर्षांची वॉरंटी आणि तीही घरी येऊन दुरुस्त करून देण्याची. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात दोन दुखणी लागोपाठ सुरू झाली. स्क्रीन मध्येच दोन-तीन सेकंद काळी व्हायची आणि परत यायची. शिवाय डावीकडे वरपासून खालपर्यंत केसाएवढी हिरवी रेघ उमटायची. रोमन लिपीत काम करणाऱ्याला अशी रेघ नुसती खुपली असती. देवनागरीत ती अर्थातच लुडबुड करते. 'मन'मधल्या दोन अक्षरांच्या मधून गेली की घाईत 'मान' वाचलं जातं, आणि शब्दाच्या शेवटी आली तर नसलेला दंड दिसतो. मुद्रितं तपासायची म्हटल्यावर असा पडदा कामाचा नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. नंतर ज्यांच्याशी बोलले त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर होते आणि कहाण्या मात्र एकसारख्या होत्या. सेवा देणारी यंत्रणा किती कॉल बंद झाले ते मोजते, आपण रेघ गेली का ते बघतो. या दोन हिशेबांचा मेळ आपोआप बसत नाही. तो बसवायचा तर सहजासहजी बंद करता येणार नाही अशी तक्रार करावी लागते, आणि तशी तक्रार फोन लावण्याच्या आधी तयार करायची असते.

दोष कुणाचा, हे आधी आपण ठरवायचं

मॉनिटर एकटा काम करत नाही. त्याच्यामागे संगणक असतो, मध्ये केबल असते, भिंतीत वीज असते. मदत केंद्राचं पहिलं उत्तर याच तिघांकडे बोट दाखवणारं असतं. म्हणून दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी तपासून घ्यावं. हत्यारं लागत नाहीत. मॉनिटर उघडायचा तर मुळीच नाही, कारण मागचं सील तुटलं की वॉरंटीचं भांडण तिथेच संपतं.

पहिली तपासणी अशी. मॉनिटरची वीज चालू ठेवून व्हिडिओ केबल काढायची. काही क्षण 'नो सिग्नल' अशी चौकट दिसते. रेघ तेव्हाही असेल, तर लॅपटॉप, विंडोज आणि ड्रायव्हर हे सगळे निर्दोष सुटले, कारण त्यांचा मॉनिटरशी संबंधच उरलेला नाही.

दुसरी तपासणी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूची. बटण दाबल्यावर प्रकाश, रंग वगैरेंची जी यादी येते ती संगणक पाठवत नाही, मॉनिटरच काढतो. रेघ त्या यादीवरूनही आरपार गेली तर दोष पडद्यात आहे.

तिसरी स्क्रीनशॉटची. रेघ दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडून पाहा. स्क्रीनशॉट संगणकाच्या स्मृतीतून तयार होतो, त्यात मॉनिटरचा भाग नसतो. रेघ स्क्रीनशॉटमध्ये आली तर दोष संगणकात आहे. आली नाही तर तो संगणकाच्या बाहेर पडणाऱ्या पोर्टपासून पुढे कुठेतरी आहे. ते 'कुठेतरी' शोधायला चौथी तपासणी: दुसरी केबल, दुसरं पोर्ट, दुसरा संगणक. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही एकदम बदलल्या आणि बिघाड गेला, तर कशामुळे गेला ते कळत नाही.

या तपासण्यांतून निघालेली गोष्ट माझ्या फार उपयोगी पडली. माझ्याकडची दोन दुखणी दोन वेगळ्या कारणांची होती. हिरवी रेघ केबल काढल्यावरही तशीच राहिली, म्हणजे ती पॅनेलमधली. काळी होणारी स्क्रीन मात्र केबल बदलल्यावर थांबली, म्हणजे तिचा कंपनीशी संबंध नव्हता. दोन्ही एकाच तक्रारीत लिहिल्या असत्या, तर "केबल बदला" एवढ्या एका वाक्यात दोन्ही निकालात निघाल्या असत्या. तक्रार मी फक्त रेघेची केली.

काळ्या स्क्रीनबद्दल थोडं जास्त सांगते, कारण हा बिघाड बरेचदा मॉनिटरचा नसतोच. स्वस्त किंवा जुनी केबल जास्त माहिती वाहून नेताना अडखळते. संबंध क्षणभर तुटतो आणि मॉनिटर तो नव्याने जुळवतो, तेवढा वेळ अंधार. एचडीएमआय 1.4 हे मानक 4के चित्र सेकंदाला 30 वेळाच दाखवू शकतं. 60 वेळा हवं असेल तर दोन्ही बाजूंची पोर्ट एचडीएमआय 2.0ची लागतात आणि केबलही तेवढ्या वेगाला टिकणारी लागते. सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट कमी करून पाहा. अंधार थांबला तर संशय केबलवर. यूएसबी-सीचंही असंच. लॅपटॉपवरच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर जातंच असं नाही, काही पोर्ट फक्त चार्जिंग आणि फाइलींसाठी असतात. आणखी एक विचित्र वाटणारी पण खरी गोष्ट: गॅसवर वरखाली होणाऱ्या ऑफिसच्या खुर्चीवरून उठताना स्थिर विजेचा झटका निर्माण होऊ शकतो आणि नीट आवरण नसलेली केबल तो पकडते. खुर्चीवरून उठलं की स्क्रीन काळी होते, अशी तक्रार कुणी केली तर हसू नये. चांगल्या आवरणाची केबल घ्यावी आणि घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावं.

स्क्रीन कायमची काळी झाली असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. आत पुसट चित्र दिसलं तर पॅनेल जिवंत आहे आणि मागचा प्रकाश गेला आहे. काहीच दिसलं नाही आणि मॉनिटरचा दिवाही लागत नसेल तर आधी अडॅप्टर पाहा. मात्र पिन बसते म्हणून दुसऱ्या यंत्राचा अडॅप्टर लावू नका. दोन्हीवर छापलेले व्होल्टचे आकडे सारखेच असले पाहिजेत, आणि अँपिअर मूळच्यापेक्षा कमी नकोत.

पुरावा: आज दिसतं, उद्या दिसत नाही

माझी रेघ सुरुवातीला लहरी होती. सकाळी मॉनिटर लावला की असायची, तासाभरात यंत्र तापलं की नाहीशी व्हायची. असं होण्यामागे कारण आहे. पडद्याच्या कडेला बारीक लवचिक पट्ट्यांवर चिप बसवलेल्या असतात आणि त्या पट्ट्या काचेला चिकटवलेल्या असतात. एकेका चिपकडे शेकडो उभे स्तंभ असतात. चिकटवलेला जोड दमट हवेने किंवा उष्णतेने ढिला झाला की एखाद्या स्तंभाचा संपर्क जातो, तापमान बदललं की कधी परत येतो. तंत्रज्ञ दुपारी आला तेव्हा स्क्रीन स्वच्छ. रात्रभर तापाने फणफणलेलं मूल दवाखान्याच्या दारात उड्या मारायला लागतं, तशातली गत. "नो फॉल्ट फाउंड" असं लिहायला त्याला एवढं पुरेसं होतं.

म्हणून येणारा-जाणारा दोष असेल तर पहिल्या दिवसापासून व्हिडिओ काढावेत. व्हिडिओ न तोडता काढायचा: मागच्या लेबलवरचा सीरियल नंबर आधी, तिथून कॅमेरा सरकवत पुढे पडदा, मग केबल काढून 'नो सिग्नल'मधली रेघ, शेवटी मॉनिटरचा मेनू. शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवलं तर तारखेचा वाद उरत नाही. स्क्रीनचा फोटो काढताना मोबाइलमध्ये पट्टे आणि लाटा दिसतात. समोरचा मग "हा तर कॅमेऱ्याचा दोष" म्हणतो. त्यावर उपाय म्हणजे त्याच चौकटीत लॅपटॉपचा चांगला पडदाही घ्यायचा. एकावर रेघ आणि दुसऱ्यावर नाही म्हटल्यावर कॅमेरा सुटतो.

यासोबत एक वही. तारीख, वेळ, काय दिसलं, फोनवर कोण बोललं, तक्रार क्रमांक काय. माझ्या वहीतल्या नोंदींवरून रेघ सकाळीच येते हे स्पष्ट झालं, आणि पुढच्या वेळी तंत्रज्ञाला मी मुद्दाम सकाळी लवकरची वेळ मागितली.

मदत केंद्र आणि ओटीपी

मदत केंद्रावरच्या मुलामुलींसमोर ठरलेली प्रश्नावली असते. रीस्टार्ट केलं का, केबल बदलली का, ड्रायव्हर अपडेट केला का, फॅक्टरी रिसेट केला का. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही, प्रश्नावली सोडायची त्यांना मुभा नसते. मी तपासण्यांचे निकाल एका पानावर लिहून ठेवले होते. प्रत्येक प्रश्नाला "हो, केलं, अमुक दिसलं" असं उत्तर दिलं की प्रश्नावली लवकर संपते आणि तंत्रज्ञाची भेट ठरते.

फोन ठेवल्यावर लगेच तेच सगळं ईमेलने पाठवायचं. फोनवरच्या आश्वासनाला वजन नसतं. "आज आपल्या प्रतिनिधीशी झालेल्या बोलण्यानुसार" अशी सुरुवात करून काय ठरलं ते चार ओळींत लिहायचं आणि चुकीचं असल्यास कळवावं अशी विनंती करायची. उत्तर आलं नाही तरी तुमचा कागद तयार होतो.

आता ओटीपी. तंत्रज्ञ रेघ न दिसल्यामुळे निघाला आणि जाताना म्हणाला, "ताई, मेसेजमध्ये आलेला नंबर सांगा, म्हणजे माझी व्हिजिट लागेल." मेसेज वाचला तर तो भेटीचा नव्हता. तक्रारीचं समाधान झालं असून कॉल बंद करायला माझी संमती आहे, असं त्यात होतं. मी आकडा दिला नाही. तो वाईट माणूस नव्हता. कॉल बंद झाल्याशिवाय त्याचे पैसे निघत नाहीत, हे त्यानेच सांगितलं. मी त्याला चहा दिला आणि जॉबशीटवर "तपासणीच्या वेळी दोष दिसला नाही, ग्राहकाने दोषाचा व्हिडिओ दाखवला, तक्रार प्रलंबित" असं लिहून सही घेतली. त्याला ते लिहायला हरकत नव्हती, कारण ते खरं होतं.

तरीही संध्याकाळी मेसेज आला: ग्राहक उपलब्ध नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. जॉबशीटचा फोटो हाताशी होता. तो ईमेलला जोडून विचारलं की ग्राहक उपलब्ध नव्हता, तर या कागदावर सही कुणाच्या घरी झाली? तक्रार पुन्हा उघडली गेली. ओटीपी मागितला की आधी मेसेज पूर्ण वाचा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांनाही सांगून ठेवा, कारण आपण बाहेर असताना दारात उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जड जातं.

मॉनिटर सेवा केंद्रात द्यायची वेळ आली तर आणखी एक काळजी. देताना तो चालू करून पडदा आणि चारही कडा यांचे फोटो घ्या, आणि पावतीवर "बाह्य नुकसान नाही" असं लिहून घ्या. वाहतुकीत काच तडकली तर "फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही" हे वाक्य तयारच असतं. मूळ खोका आणि त्यातला थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर राहू द्यावा. घरपोच वॉरंटी असेल, तर मात्र मॉनिटर घेऊन कोल्हापूरला या किंवा पुण्याला पाठवा ही सूचना मान्य करायचं कारण नाही. वॉरंटी कार्डावरची ओळ उद्धृत करून नम्रपणे नकार लिहून पाठवावा. मी तेच केलं.

पिक्सेलचा हिशेब त्यांच्यावरच उलटवला

रेघ कायमची झाल्यावर दोष नाकारणं शक्य नव्हतं. मग उत्तर आलं की हा प्रकार पिक्सेल धोरणात बसतो, काही सदोष पिक्सेल चालतात. हे धोरण मुळात खोटं नाही. माझ्या मॉनिटरवर 2560 गुणिले 1440, म्हणजे 36,86,400 पिक्सेल आहेत आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. कोटीभर ठिपक्यांतला एखादा मेलेला निघणार हे उद्योगाने गृहीत धरलेलं आहे. आयएसओ 9241-307 हे आंतरराष्ट्रीय मानक सदोष पिक्सेलांचे वर्ग ठरवतं. त्यातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच सदोष उपपिक्सेल एवढी सूट आहे. माझ्या पडद्याला लावलं तर साधारण सात उजळ, सात काळे, अठरा उपपिक्सेल.

पण वरपासून खालपर्यंत जाणारी रेघ म्हणजे एका स्तंभातले सगळेच्या सगळे 1440 हिरवे उपपिक्सेल. सूट अठराची आणि सदोष 1440. हा गुणाकार मी ईमेलमध्ये मांडला आणि कोणत्या धोरणाच्या कोणत्या कलमात हे बसतं ते कळवावं असं विचारलं. त्यानंतर पिक्सेल धोरणाचं नाव निघालं नाही. गाडी "पॅनेल स्टॉकमध्ये नाही"वर आली.

इथे एक फरक लक्षात ठेवावा. एकटा-दुकटा ठिपका असेल तर कंपनीचं धोरण खरोखर आपल्याविरुद्ध जाऊ शकतं. काही कंपन्या ठरावीक मॉडेलवर एकही उजळ ठिपका निघाला तरी बदली देतात. डेलची 'प्रीमियम पॅनेल एक्स्चेंज' ही त्यातली माहितीतली योजना. आपल्या मॉडेलला असं काही लागू आहे का, ते वॉरंटीच्या कागदात पाहावं. रेघा, पट्टे, डाग, अर्धा पडदा अंधारणं हे मात्र पिक्सेलचे दोष नव्हेत आणि त्यांना ते नाव देऊ देऊ नये.

कायद्याचा आधार

सुटा भाग मिळत नाही ही कंपनीची अडचण आहे, तिने वॉरंटी थांबत नाही. आठवडे उलटायला लागल्यावर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवली. तिथे मराठीतही बोलता येतं. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून उत्तर मागते. पण आतापर्यंत सेवा केंद्रात फिरणारी तक्रार त्यामुळे कंपनीच्या वरच्या टेबलावर पोचते. सोबत कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एक पत्र पाठवलं. तसं पत्र लिहिताना उपयोगी पडावं म्हणून त्याचा साचा देते:

"मी आपला अमुक मॉडेलचा, अमुक सीरियल नंबरचा मॉनिटर अमुक तारखेला घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. त्यावर अमुक तारखेपासून उभी रेघ आहे. केबल काढल्यावरही ती दिसते, म्हणजे दोष मॉनिटरमध्ये आहे. व्हिडिओ सोबत आहे. अमुक क्रमांकाच्या तक्रारी केल्या, त्यांची तारीखवार यादी खाली आहे. पंधरा दिवसांत पॅनेल बदलून द्यावं, मॉनिटर बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल."

पत्रात रागाचं एकही विशेषण नको. पुढे ते आयोगासमोर वाचलं जाऊ शकतं.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यातल्या काही तरतुदी मॉनिटरसारख्या खरेदीत थेट कामी येतात. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचं मुख्यालय गुरुग्रामला असो की बंगळुरूला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत यावं लागतं, म्हणून "बघू, करू" म्हणत कंपनीने वेळ काढला तरी आपण तारखेवर लक्ष ठेवायचं. ऑनलाइन दाखल करण्यासाठी आधी ई-दाखिल होतं, 2025 पासून ई-जागृती आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, हे मनाशी धरून चालावं.

घरून काम करणाऱ्यांनी एक मुद्दा खास लक्षात ठेवावा. "तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक नाही," असं कधीकधी ऐकवलं जातं, विशेषतः बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर. व्यापारी हेतूने केलेली खरेदी कायद्याबाहेर आहे हे खरं. पण स्वयंरोजगारातून स्वतःचा उदरनिर्वाह करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, असं कायद्याच्या स्पष्टीकरणातच आहे. घरी बसून मांडणी, अनुवाद, हिशेब किंवा शिकवण्या करणारी व्यक्ती ग्राहकच ठरते.

ऑनलाइन घेतलेल्या वस्तूत दोष लगेच दिसला तर आधी विक्री करणाऱ्या संकेतस्थळाकडे जावं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात तिचं निवारण करायचं असतं. "आम्ही फक्त मध्यस्थ" हे उत्तर देण्यापूर्वी त्यांना हे बंधन पाळावं लागतं. एकट्याने हे सगळं जमणार नाही असं वाटलं तर मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत या संस्थांचे कार्यकर्ते मार्ग दाखवतात.

माझं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. पत्र आणि हेल्पलाइन यांच्यानंतर बदली मॉनिटर आला. तो नवा नव्हता, दुरुस्त करून पुन्हा पॅक केलेला होता, म्हणून लगेच स्वीकारला नाही. आणून देणाऱ्यासमोरच लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे सपाट रंग पूर्ण पडद्यावर लावून पाहिले आणि मगच सही केली. बदलीच्या मॉनिटरवर मूळ वॉरंटीचा उरलेला काळ लागू राहील, हेही नव्या सीरियल नंबरसह लेखी घेतलं. हा कागद नसेल तर पुढच्या वेळी मदत केंद्राच्या संगणकावर तुमचा मॉनिटर सापडतच नाही आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

वॉरंटी संपल्यावर

वॉरंटी संपली म्हणजे मॉनिटर भंगारात असं नाही. मात्र दुरुस्ती परवडणारी कोणती आणि न परवडणारी कोणती, हे माहीत हवं. अडॅप्टर, आतला पॉवर बोर्ड, त्यावरचे फुगलेले कपॅसिटर, सैल झालेलं पोर्ट, मागच्या प्रकाशाच्या एलईडी पट्ट्या ही कामं मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत आणि प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या हुशार कारागिराकडे होतात. उभी रेघ किंवा तडकलेली काच यांचं तसं नाही. पट्टीचा जोड पुन्हा बसवायला खास यंत्र लागतं, आणि पॅनेल बदलायचं तर मॉनिटरच्या किमतीतला सर्वांत मोठा हिस्सा तोच असतो. कुणी पट्टीवर कागदाचा तुकडा दाबून रेघ घालवून दाखवली तर ती परत येणार असं समजून चालावं. कारागिराकडे देताना जुना काढलेला भाग परत मागा आणि दुरुस्तीवर किती महिन्यांची हमी ते बिलावर लिहून घ्या.

जो दुरुस्त होण्यापलीकडे गेला तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावा. जुन्या मॉनिटरांत मागच्या प्रकाशासाठी नळ्या असायच्या आणि त्यांत पारा असतो, त्या घरी फोडू नयेत.

घेतानाच बघायच्या गोष्टी

आता नवा मॉनिटर घेणाऱ्या कुणी विचारलं तर मी रंग आणि रिझोल्यूशनच्या आधी वॉरंटीबद्दल बोलते. घरपोच आहे की मॉनिटर आपण नेऊन द्यायचा? पॅनेलही तेवढ्याच वर्षांसाठी आहे का? वाढीव वॉरंटी कंपनीची आहे की तिसऱ्याच कुणाची? तिसऱ्याची असेल तर तो वेगळा करार आणि वेगळं मदत केंद्र. बिलावर सीरियल नंबर हवा. तो संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख खरेदीपासून मोजली आहे की कारखान्यातून बाहेर पडल्यापासून, ते पहिल्याच आठवड्यात तपासावं. दुकानात तो वर्षभर पडून असेल तर वर्ष आपल्या वाट्याचं जातं. ते बिल पाठवून दुरुस्त करून घेता येतं, पण लगेच. दुबईहून किंवा अमेरिकेहून येणाऱ्या भावाला किंवा बहिणीला स्वस्तात मॉनिटर आणायला सांगताना, बहुतेक वॉरंट्या विकल्या त्या देशापुरत्याच असतात, हे लक्षात ठेवावं.

मॉनिटर आला की परतीची मुदत संपायच्या आत तो रोज आठ-दहा तास वापरावा, रात्री दिवे घालवून काळ्या पडद्याच्या कडा पाहाव्यात, सपाट रंग लावून ठिपके शोधावेत. या मुदतीत दोष सापडला तर बदली सहज मिळते. मुदत गेल्यावर तोच दोष सेवा केंद्राचा विषय होतो.

आणि पैसे भरण्याआधी आपल्या गावच्या, नाहीतर सर्वांत जवळच्या अधिकृत सेवा केंद्राला कामाच्या दिवशी एक फोन करावा. या मॉडेलचं पॅनेल मागवलं तर किती दिवसांत येतं, एवढंच विचारावं. नीट उत्तर मिळालं तर घ्यावा. कुणी फोनच उचलला नाही, तर खोक्यावर छापलेल्या तीन वर्षांचा अर्थ तिथेच कळतो आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झालेला नसतो.